लहान तेलविहिरीवर तेल घटतं आणि पाणी जिरत नाही: समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: विहिरीचं तेल कमी झालंय, टाकीत पाणी साचतंय आणि डिस्पोजल विहिरीचं (तेलाबरोबर आलेलं पाणी जमिनीखाली परत जिरवायची विहीर) प्रेशर वाढत चाललंय. अ‍ॅसिड मारलं की प्रेशर उतरतं, महिना-दीड महिना बरा जातो आणि पुन्हा तेच सुरू होतं. मधल्या काळात एकदा पंप वर काढून बदललेला असतो. त्याचाही फायदा टिकत नाही.

गुजरातच्या खंभात खोऱ्यात रॉड पंपावर (खालचा पंप लांब सळ्यांनी वरून हलवला जातो) चालणाऱ्या आणि दिवसाला दोन-चार घनमीटर तेल देणाऱ्या विहिरी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. विदर्भातून तिकडे कामाला गेलेले ऑपरेटर आणि फिटर यांना हे उपयोगी पडेल. त्यांचे पंप आणि पाण्याचे नमुने नागपुरात, हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या टेबलावर उघडतात, त्यामुळे दुखणं शेवटच्या टोकाला कसं दिसतं ते रोज समोर असतं. लुणेजला १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं. इतक्या जुन्या पट्ट्यात विहिरीचं पाणी वाढणारच, त्याला इलाज नाही. पण ते पाणी वेगळं कसं होतं आणि कुठे जातं, हे आपल्या हातात आहे.

आमचं ठाम मत असं की या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. टाकीत जे तेल आणि जो गाळ वेगळा झाला नाही, तोच डिस्पोजल विहिरीच्या तोंडाशी जाऊन बसतो. प्रेशर वाढलं की पाणी कमी जिरतं आणि टाकी भरते. मग जागा करायला पंप बंद ठेवला जातो किंवा पाणी घाईने सोडलं जातं, आणि घाईने सोडलेल्या पाण्याबरोबर आणखी तेल जातं. म्हणून शोध मधून, म्हणजे टाकीपासून सुरू करायचा. त्याआधी फक्त मोजमाप, आणि एकूण द्रव घटला असेल तरच पंपाची तपासणी.

आकडे समजायला एक नमुन्याची विहीर धरू. पंप ११०० मीटरवर, प्लंजर (पंपातला दट्ट्या) दीड इंची म्हणजे ३८ मिलिमीटरचा, स्ट्रोक ५४ इंच, मिनिटाला ६ स्ट्रोक. कागदावर हा पंप दिवसाला साडेतेरा घनमीटर उचलतो. ७५ टक्के कार्यक्षमता धरली तर १० घनमीटर मिळायला हवेत. त्यात ८० टक्के पाणी, म्हणजे ८ घनमीटर पाणी आणि २ घनमीटर तेल.

आधी मोजमाप

तेल खरंच घटलंय का, हे पहिलं पाहायचं. टाकीचा व्यास ३ मीटर असेल तर डिपमधला (टेप सोडून मोजलेल्या पातळीतला) १ सेंटीमीटर म्हणजे ७० लिटर. डिप घेताना टेप एक सेंटीमीटर चुकला तर २ घनमीटरच्या विहिरीवर साडेतीन टक्के तेल 'हरवतं'. म्हणून पूर्ण २४ तासांची टेस्ट घ्या. डिप दोन्ही दिवशी एकाच वेळी आणि एकाच खुणेवरून घ्या, आणि पाण्याची पातळी टेपला पाणी दाखवणारी पेस्ट लावूनच बघा.

पाण्याचा कट (एकूण द्रवात पाणी किती टक्के) काढताना एकच बाटली भरून समाधान मानू नका. रॉड पंपाची विहीर पाणी आणि तेल गोळ्या-गोळ्यांनी ओकते. एका मिनिटाला नमुना नव्वद टक्के पाणी दाखवतो, पाच मिनिटांनी साठ. नमुन्याचा व्हॉल्व्ह थोडा वाहू द्या. मग अर्ध्या तासात दर पाच मिनिटांनी थोडं थोडं घेऊन एकत्र करा. सेंट्रिफ्यूजला ५० मिलिलिटर नमुना, ५० मिलिलिटर टोल्युइन आणि डिमल्सिफायरचे (तेल-पाण्याचं घट्ट मिश्रण, म्हणजे इमल्शन, फोडणारं रसायन) दोन थेंब टाकून ६० अंशांपर्यंत गरम करूनच फिरवा. थंड नमुना फिरवला की मेण आणि इमल्शन तळाशी बसतं आणि आकडा खोटा येतो.

आता बघा: एकूण द्रव घटलाय की फक्त पाणी वाढलंय? एकूण १० घनमीटर तसाच असेल आणि कट ८० वरून ८८ झाला असेल, तर पंपाला हात लावायचं कारणच नाही. पाणी कुठून आलं ते शोधायचं. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड काढा आणि जुन्या नोंदीशी ताडून बघा. क्लोराइड अचानक खाली आलं असेल तर वरच्या थराचं गोडं पाणी केसिंगच्या (विहिरीचा बाहेरचा पाइप) भोकातून आत येत असण्याची दाट शक्यता आहे. क्लोराइड जुन्याइतकंच असेल तर पाणी त्याच थराचं आहे. मग कट ८८ धरूनच पुढचा हिशेब करावा लागतो.

पंप दुखतोय की विहीर

एकूण द्रवच घटला असेल तर पंप वर काढायच्या आधी एकोमीटरने (प्रतिध्वनीवरून पातळी मोजणारं यंत्र) अ‍ॅन्युलसमधली (केसिंग आणि आतल्या ट्यूबिंगच्या मधली जागा) पातळी घ्या. पंप ११०० मीटरवर आहे, पातळी ६०० वर उभी आहे आणि तरी वर द्रव येत नाही, तर विहीर देतेय आणि पंप उचलत नाही. पातळी पंपाच्या जवळ, १०८० वगैरे असेल, तर पंप रिकामा घोट घेतोय. अशा विहिरीत नवा पंप टाकून काहीही मिळत नाही, आणि नेमका तोच खर्च सगळ्यात जास्त वेळा होतो.

पातळी पंपापाशी असेल तर आधी केसिंगचं प्रेशर बघा. केसिंगमधला गॅस नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून फ्लोलाइनला जायला हवा. तो व्हॉल्व्ह मेणाने चिकटला आणि केसिंगचं प्रेशर ८ किलोवर (म्हणजे किलो प्रति चौरस सेंटीमीटर) गेलं, तर थरावर सुमारे ८० मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा जादा दाब बसतो आणि विहीर तेवढी कमी देते. थंडीत फ्लोलाइनमध्ये मेण साचलं तरी हेच होतं. व्हॉल्व्ह उघडून साफ करायला अर्धा दिवस पुरतो.

त्यानंतरही प्लंजर रिकाम्यावर आपटत असेल तर स्ट्रोक कमी करा. मिनिटाला ६ चे ४ केले की कागदावरची क्षमता ९ घनमीटरवर येते आणि बॅरल नीट भरतं. वाळू किंवा मेण असलेल्या विहिरीत टायमरने पंप थांबवत चालवण्यापेक्षा पुली बदलून सावकाश पण सतत चालवणं आम्हाला जास्त योग्य वाटतं, कारण थांबलेल्या पंपात वाळू प्लंजरच्या डोक्यावर बसते आणि सुरू करताना तो अडकतो. आपटणं चालू ठेवलं तर रॉडचे कपलिंग सैल होतात, रॉड ट्यूबिंगला घासतात आणि शेवटी तुटतात.

पातळी वर असून द्रव कमी असेल तर ट्यूबिंगची प्रेशर टेस्ट घ्या. फ्लोलाइनचा व्हॉल्व्ह बंद करा, एक माणूस स्विचपाशी उभा ठेवा आणि पंप चालू ठेवून २० किलोपर्यंत प्रेशर चढवा. वेलहेड आणि स्टफिंग बॉक्स तेवढ्या प्रेशरचे आहेत याची खात्री आधीच करा. पंप थांबवून दहा मिनिटं बघा. प्रेशर टिकलं तर ट्यूबिंग आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. वर जाताना चढतं आणि खाली येताना तितकंच उतरतं, असं असेल तर स्टँडिंग व्हॉल्व्ह (पंपाच्या तळाचा, जागेवर राहणारा) गळतोय किंवा बॅरलमध्ये गॅस भरलाय. चढतच नसेल किंवा फार हळू चढत असेल तर ट्रॅव्हलिंग व्हॉल्व्ह (प्लंजरबरोबर हलणारा), झिजलेला प्लंजर किंवा ट्यूबिंगला भोक, यांपैकी एक. डायनामोमीटरचं कार्ड (रॉडवरच्या भाराचा आलेख) काढता आलं तर हे सगळं एका चित्रात दिसतं. पण प्रेशर गेज प्रत्येकाकडे असतोच.

पंप वर आला की तो धुऊन पाठवू नका. टेबलावर आम्ही सगळ्यात आधी स्टँडिंग व्हॉल्व्हचा पिंजरा उघडतो आणि बॉल कापडावर फिरवून बघतो. बॉलवर एक मंद, पूर्ण गोल कडं उमटलेलं असेल तर तो रोज एकाच जागी आपटलाय. सीटच्या काठावर केसाएवढी तिरपी चीर असेल तर तिथून द्रव सुसाट गळत होता. प्लंजरवर उभे ओरखडे असतील तर वाळू, आणि एकाच बाजूला चकाकी असेल तर विहीर वाकडी किंवा रॉड एका बाजूला ओढणारा. नव्या पंपात प्लंजर-बॅरलमधली एकूण फट इंचाच्या तीन हजारांश, म्हणजे ०.०७५ मिलिमीटरच्या आसपास असते. ती दुप्पट झाली की गळती दुपटीपेक्षा बरीच जास्त वाढते. बॉल आणि सीटची जोडी व्हॅक्यूमवर धरून बघितल्याशिवाय पंप बांधायचा नाही, नवी जोडी असली तरीही.

पिंजऱ्यात सापडलेला गाळ आम्ही बाटलीत राखून ठेवतो, कारण पुढे डिस्पोजलच्या फिल्टरवरच्या गाळाशी तो ताडून बघायचा असतो. धुऊन आलेल्या पंपात हा दुवाच नाहीसा होतो.

टाकी: इथेच सगळ्यात जास्त बिघडतं

लहान जागी बहुतेक ठिकाणी गन बॅरल असतो: मधून द्रव येतो, वरून तेल ओसंडतं आणि खालून पाणी वॉटर लेगमधून (टाकीबाहेर उभा वर जाणारा पाइप) बाहेर पडतं. तेल-पाण्याची सीमारेषा कुठे राहील, हे वॉटर लेगची उंची ठरवते. यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते.

तेलाचं आउटलेट ४.८ मीटरवर, तेलाची घनता ०.८६, पाण्याची १.०२ आणि सीमारेषा बरोबर मध्ये, २.४ मीटरवर हवी, असं धरू. वॉटर लेगची ओसंडण्याची उंची अशी निघते: २.४ अधिक (२.४ गुणिले ०.८६ भागिले १.०२), म्हणजे ४.४२ मीटर. तेलाच्या आउटलेटपेक्षा ३८ सेंटीमीटर खाली. आता वॉटर लेग फक्त ५ सेंटीमीटर खाली-वर केला तर सीमारेषा ३२ सेंटीमीटर सरकते. सहापटींहून जास्त. पाइपचा एक निप्पल बदलला, वेल्डिंगला एल्बो थोडा खाली बसला किंवा टाकी एका बाजूला खचली, तरी पाण्याचा थर अर्धा फूट कमी होऊ शकतो. 'काही बदललेलं नाही' असं कोणी सांगितलं तरी टेप लावून उंची मोजाच.

दुसरी गोष्ट म्हणजे वॉटर लेगच्या माथ्यावरचा व्हेंट. तो टाकीच्या वरच्या गॅसच्या जागेला जोडलेला असावा लागतो. मेणाने, गंजाने किंवा गांधीलमाशीच्या मातीच्या घराने तो बंद झाला की लेगचा सायफन होतो आणि तो पाणी संपल्यावर तेलही ओढतो. पाण्याच्या टाकीत मधूनच तेलाचा जाड थर दिसतो, दुसऱ्या दिवशी नसतो, आणि डिस्पोजलचं प्रेशर एका रात्रीत उडी मारतं. अशी उडी दिसली की अ‍ॅसिडवाल्याला फोन करायच्या आधी व्हेंट उघडून बघा. महिन्यातून एकदा तो मोकळा करायचं काम वहीत लिहून ठेवा.

मग टाकीचा उभा छेद तपासा. बाजूला नमुन्याचे नळ असतील तर प्रत्येक उघडून बघा. नसतील तर वरून थीफने (हव्या त्या खोलीवर नमुना भरणारं भांडं) दर ३० सेंटीमीटरवर नमुना काढा. हॅच उघडताना वाऱ्याच्या बाजूला पाठ ठेवा, हॅचवर वाकू नका, आणि गॅस डिटेक्टर अंगावर असल्याशिवाय वर चढूच नका. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासा होतो, आणि १०० पीपीएमवर जीव धोक्यात असतो.

तुम्हाला चार थर दिसतील: वर तेल, मग चॉकलेटी पेढ्यासारखं घट्ट इमल्शन, मग पाणी, तळाशी गाळ. इमल्शनचा थर हाताच्या रुंदीपेक्षा जाड असेल तर तो आपोआप जाणार नाही. तो बारीक घन कण, मेण आणि आयर्न सल्फाइडने धरून ठेवलेला असतो. तळाचा गाळ ६० सेंटीमीटर असेल तर ३ मीटर व्यासाच्या टाकीत ४ घनमीटरहून जास्त जागा गेलेली असते. म्हणजे पाण्याला दोन दिवस थांबायला मिळतात असं कागदावर असलं, तरी प्रत्यक्षात दीडच मिळतो, आणि तोही पाण्याने सरळ वाट काढली नाही तर.

गाळ काढताना एक धोका लक्षात ठेवा. काळा आयर्न सल्फाइड सुकला की हवेत आपोआप पेटतो. तो सतत ओला ठेवा, आणि सुकलेल्या गाळाचं पिंप टाकीजवळ कधीच ठेवू नका.

थेंब फोडणाऱ्या गोष्टी शोधा. टाकीआधी अर्धवट बंद ठेवलेला व्हॉल्व्ह, दोन टाक्यांमधला सेंट्रिफ्यूगल पंप, गॅस न काढता सरळ टाकीत येणारी लाइन. तेलाचे थेंब जेवढे बारीक, तेवढे वर यायला वेळ जास्त. पंप लागणारच असेल तर मोनो (स्क्रूचा) पंप सावकाश चालवा. उतार मिळत असेल तर पंपच नको.

खड्ड्यातला स्लॉप (साचलेलं तेल-पाण्याचं घाण मिश्रण) एकदम टाकीत परत ढकलणं हे दुखणं परत येण्याचं मोठं कारण आहे. त्याहून मोठं म्हणजे अ‍ॅसिडनंतर परत आलेलं पाणी. कमी पीएच आणि भरपूर लोह असलेलं ते पाणी गन बॅरलमध्ये गेलं की आठ-आठ दिवस न फुटणारं इमल्शन बनतं. म्हणजे प्रेशर उतरवायला मारलेलं अ‍ॅसिडच पुढचं प्रेशर तयार करतं. ते पाणी वेगळ्या टाकीत घ्या, पीएच सातच्या आसपास आणा, लोह बसू द्या, आणि वरचं निवळ पाणीच थोडं थोडं परत सोडा.

डिमल्सिफायर टाकीच्या तोंडाशी टाकण्यापेक्षा वेलहेडला किंवा फ्लोलाइनच्या सुरुवातीला टाका, म्हणजे मिसळायला वेळ मिळतो. एकूण द्रवावर ५० पीपीएम हवे असतील तर १० घनमीटरला दिवसाला अर्धा लिटर लागतो, म्हणजे मिनिटाला ०.३५ मिलिलिटर. डोसिंग पंपाच्या डायलवर विश्वास ठेवू नका. सक्शनच्या मोजणीच्या नळीत दहा मिनिटांत साडेतीन मिलिलिटर उतरतं का, ते घड्याळ लावून बघा. इमल्शन फुटत नाही म्हणून डोस दुप्पट-तिप्पट केला तर पाण्यात तेलाचं उलटं इमल्शन बनतं आणि पाणी दुधाळ होतं. पाणी दुधाळ दिसलं की डोस कमी करा.

डिस्पोजल विहीर

पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर तेल राहिलं तर ८ घनमीटरमागे दिवसाला ४ किलो तेल खाली जातं, महिन्याला १२० किलो. उत्पादनाच्या हिशेबात हे कोणाला दिसतही नाही. पण हेच १२० किलो तेल बारीक गाळाला चिकटून, केसिंगला पाडलेल्या ज्या छिद्रांतून पाणी थरात जातं, त्यांच्या तोंडाशी साचून बसतं. पर्यावरणाच्या नियमांत तेल आणि ग्रीसची मर्यादा १० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि सोडून दिलेल्या विहिरीत पाणी टाकायचं तर किमान १००० मीटर खालच्या थरात. १० मिलिग्रॅमला दिवसाला ८० ग्रॅम तेल जातं. हा फरक विहिरीच्या आयुष्याचा आहे, आणि आजूबाजूच्या शेतांतल्या पाण्याचाही.

रोज तीन आकडे लिहा: किती घनमीटर गेलं, किती प्रेशरला गेलं आणि ट्यूबिंग-केसिंगमधल्या अ‍ॅन्युलसचं प्रेशर किती होतं. पहिल्याला दुसऱ्याने भागा. २० किलोला ८ घनमीटर जात होते तेव्हा भागाकार ०.४ होता. आता ३० किलोला ५ जातात, म्हणजे ०.१७. हा भागाकार हळूहळू उतरत असेल तर गाळ-तेल साचतंय. एका दिवसात पडला असेल तर टाकीकडे जा, सायफन किंवा गाळाचा लोंढा. दर तोच असून प्रेशर आपोआप कमी झालं, तर त्यावर खूश होऊ नका: थर फाटलाय किंवा ट्यूबिंग गळतंय. अ‍ॅन्युलसचं प्रेशर इंजेक्शनबरोबर चढत असेल तर पाणी टाकणं लगेच थांबवा.

गेज आणि इंजेक्शन पंप आधी तपासा, हे सांगायची गरज नसावी. तरी दुसरा गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पंप बंद करून प्रेशर कसं पडतं ते बघा. काही मिनिटांत झपाट्याने पडलं तर अडथळा विहिरीच्या तोंडाशीच आहे आणि तो साफ करता येतो. तासन्‌तास वरच राहिलं तर थरच भरलाय. तिथे अ‍ॅसिड कितीही मारा, उपयोग नाही. पाण्याचा दर कमी करावा लागतो किंवा दुसरी विहीर लागते.

आता फिल्टर. कार्ट्रिजच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक दीड किलोवर गेला की तो बदला, पण जुना फेकू नका. त्यावरचा गाळ चमच्याने खरवडून काचेच्या तुकड्यावर घ्या आणि उघड्यावर, डिटेक्टर लावून, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून त्यावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाका. पांढरा गाळ फसफसला तर कॅल्शियम कार्बोनेट. पांढरा असून हलला नाही तर सल्फेट, आणि बेरियम सल्फेट असेल तर साधं अ‍ॅसिड त्याला विरघळवत नाही. काळा गाळ विरघळून कुजका वास आला तर आयर्न सल्फाइड. विटकरी रंगाचा असेल तर लोहाचा गंज, म्हणजे कुठून तरी हवा आत शिरतेय: पंपाच्या सक्शनचं पॅकिंग, टाकीचं उघडं हॅच, संपलेला गॅस ब्लँकेट (टाकीत हवा येऊ न देणारा गॅसचा थर). बुळबुळीत असेल तर जंतू. काहीच न होता टोल्युइनमध्ये विरघळला तर मेण आणि तेल.

काळा गाळ निघाला तर पंपाच्या पिंजऱ्यातली राखून ठेवलेली बाटली काढा. तिच्यातही तोच काळा गाळ असेल तर तो विहिरीच्या तळाशीच तयार होतोय. मग जंतुनाशक आणि गंजरोधक अ‍ॅन्युलसमधून खाली सोडावं लागेल. पंप स्वच्छ आणि फिल्टर काळा असेल तर जंतू टाकीच्या तळच्या गाळात घर करून आहेत. तिथे विहिरीत औषध ओतणं म्हणजे पैसे वाया. टाकी साफ करून जंतुनाशकाचा एकदम मोठा डोस टाकीलाच द्या. थेंब-थेंब देत राहिलं तर जंतू त्याला सरावतात.

अ‍ॅसिड शेवटी. तेलाने माखलेल्या गाळाला अ‍ॅसिड शिवतसुद्धा नाही, म्हणून आधी झायलीनसारखं सॉल्व्हंट, मग १५ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, त्यात गंजरोधक आणि लोह धरून ठेवणारं रसायन. छिद्रांच्या भागाच्या दर मीटरमागे साधारण अर्धा ते एक घनमीटर लागतं. नेमका आकडा गाळाच्या तपासणीवरून ठरवा. आयर्न सल्फाइड असेल तर अ‍ॅसिडबरोबर हायड्रोजन सल्फाइड निघणारच, तेव्हा श्वसनयंत्र आणि पहाऱ्याचा माणूस हवा. पंपाचं प्रेशर थर फाटण्याच्या मर्यादेखाली ठेवा. खोली १०५० मीटर असेल तर नुसत्या पाण्याच्या स्तंभाचाच दाब तळाशी १०७ किलो असतो, वरचा गेज त्यात मिळवून बघायचा. मर्यादा त्याच विहिरीच्या स्टेप-रेट टेस्टवरून (दर टप्प्याटप्प्याने वाढवून प्रेशर बघायची चाचणी) घ्या, शेजारच्या विहिरीचा आकडा उसना घेऊ नका. सल्फेट असलेलं बोअरवेलचं पाणी फ्लशला वापरायच्या आधी ते विहिरीच्या पाण्यात १:९, १:१ आणि ९:१ मिसळून २४ तास विहिरीच्या तापमानाला ठेवा. गढूळ झालं तर ते पाणी वापरू नका.

नमुना नागपूरला पाठवताना

पीएच, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड आणि लोह विहिरीवरच मोजा आणि बाटलीवर लिहा. बाटली इथे पोहोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढलेला असतो आणि विरघळलेलं लोह तांबडं होऊन तळाशी बसलेलं असतं. त्या बाटलीवरून आम्ही सांगितलेला स्केलचा अंदाज चुकतो. पाण्याच्या तीन बाटल्या हव्यात: एक काठोकाठ भरलेली साधी, एक नायट्रिक अ‍ॅसिडने पीएच २ च्या खाली आणलेली धातूंसाठी, आणि एक काचेची, सल्फ्युरिक अ‍ॅसिड घातलेली, तेल-ग्रीससाठी. जंतूंच्या चाचणीच्या शिश्या तिथेच टोचा.

क्रूडची बाटली पिशवीत घालून प्रेरणा एक्सप्रेसने आणू नका. रेल्वेच्या डब्यात ज्वलनशील माल नेणं गुन्हा आहे. धोकादायक माल म्हणून नोंद करून ट्रान्सपोर्टनेच पाठवा.

डिमल्सिफायर निवडायला बॉटल टेस्ट आमच्याकडे करून घेत असाल तर टाकीचं तापमान लिहून कळवा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हाळ्यात टेबलावर नुसतं ठेवलेलं इमल्शनही फुटतं आणि कुठलंही रसायन चांगलं वाटतं. तेच रसायन जानेवारीच्या पहाटे २० अंशांच्या टाकीत हात टेकतं. टेस्ट वॉटर बाथमध्ये, टाकीच्या तापमानालाच व्हायला हवी, आणि हिवाळ्याचा नमुना हिवाळ्यात वेगळा तपासायला हवा. नमुना डिमल्सिफायर पडायच्या जागेच्या आधीचा हवा, नाहीतर आधीच औषध घेतलेल्या तेलावर दुसरं औषध तपासलं जातं. डोसिंग बंद करून लाइन मोकळी होऊ द्या, मग एक लिटर भरा आणि बाटलीवर विहिरीचा क्रमांक, वेळ, तापमान आणि चालू डोस लिहा.